मेजरच्या घराचं दार

कुत्रा चावला तर मला धक्का बसत नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर एक जुना वण आहे, पण त्या कुत्र्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कान मागे घेऊन, ओठ चाटून, मान वळवून त्याने आधी सगळं रीतसर सांगितलं होतं. मालक तेव्हा त्याच्या घराण्याचं कौतुक सांगत होते, म्हणून माझं लक्ष गेलं नाही इतकंच. मला धक्के दिले ते माणसांनी, तेही हातात चहाचा कप देऊन. त्यातले थोडे इथे सांगते. शेवटचा मात्र कुत्र्याने दिलेला आहे, आणि त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही.

मी नाशकात कुत्री शिकवत असे. आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे फक्त फोनवर सल्ले देते. लग्नानंतर हे काम सुरू केलं तेव्हा घरात त्याचा उच्चार करायची चोरी होती. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, ‘सूनबाई शिकवण्या घेते.’ कुणाच्या, ते सांगत नसत. एकदा एका मावशींनी आपल्या नातवाला गणितासाठी माझ्याकडे पाठवायची तयारी केली, तेव्हा बिंग फुटलं.

माझ्या कामातला सगळ्यात बदनाम भाग म्हणजे क्रेट. कुत्र्याला आत उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल एवढा जाळीचा खोका, त्याला दार आणि कडी. साध्या भाषेत पिंजरा. पिंजरा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत एक तर पाणी येतं नाहीतर चमक येते. पाणी आलं तर मला बरं वाटतं. चमक दिसली की मी सावध होते.

खरं तर कुत्र्याला मुळातच कोपरा आवडतो. जिन्याखाली, पलंगाखाली, उभ्या गाडीखाली पाठ भिंतीला लावून तो बसतो, कारण मग मागून कुणी येत नाही. क्रेट म्हणजे तोच कोपरा, फक्त उचलून नेता येणारा. ऑपरेशननंतर पाय हलवायचा नसेल, प्रवास असेल, घरात घाबरवणारी गर्दी असेल, तर तो उपयोगी पडतो. अट एकच. आत जाणं आणि बाहेर येणं त्याच्या मर्जीचं वाटलं पाहिजे. ढकलून आत घातलं की त्याच जाळीचा तुरुंग होतो, आणि मग त्या तुरुंगाचं पुन्हा घर करायला फार वेळ जातो.

गंगापूर रोडवरच्या एका सुशिक्षित जोडप्याला मी हे सगळं समजावलं. त्यांनी माना डोलावल्या. पुढच्या खेपेला गेले तर कुत्री क्रेटमध्ये तोंड भिंतीकडे करून बसलेली. ‘काय झालं?’ म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ‘काल तिने सोफा खाल्ला. शिक्षा चालू आहे.’ क्रेटवर त्यांनी एक पाटी लावली होती, तिच्यावर गुन्हा लिहिला होता. कुत्रीला वाचता येत नव्हतं, पण मला येत होतं. चहा तसाच ठेवून मी उठले आणि पुन्हा त्या घरी गेले नाही.

दुसरे एक निवृत्त सुभेदारसाहेब. त्यांचा अल्सेशियन क्रेटकडे बघायलाही तयार नव्हता. ‘त्याला वेळ द्या, मी गुरुवारी येते,’ असं सांगून मी गेले. गुरुवारी दारातूनच पाहिलं. साहेब स्वतः क्रेटमध्ये ओणवे बसले होते, तोंडात टोस्ट होता, आणि कुत्रा बाहेर बसून त्यांच्याकडे गंभीरपणे बघत होता. ‘मॅडम, फौजेत जवानाला आधी करून दाखवावं लागतं,’ साहेब आतून म्हणाले. करून दाखवलं होतं, पण आता पट्ट्याचं बकल जाळीत अडकल्यामुळे त्यांना बाहेर येता येत नव्हतं. त्यांच्या पत्नी पान्याने नट काढत होत्या. मधे दमल्या तेव्हा त्यांनी साहेबांना चहा आतच दिला.

हे झालं नमनाचं तेल. आता मेजर.

देवळाली कॅम्पच्या बाजारात अण्णा कोठावदे यांचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. घरात अण्णा, त्यांचा मुलगा नीलेश, सून प्राजक्ता आणि अण्णांच्या आई, जिजी. मंडळी मूळची नामपूरची. जिजींचा जन्म कॅम्पात गेला, पण बोलतात त्या अहिराणीच. समोरच्याला कळो न कळो, त्यांच्या बोलण्यात फरक पडत नाही.

मेजर हा एका लष्करी कुटुंबाचा कुत्रा. काळा कुळकुळीत, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. त्या कुटुंबाची बदली लांब झाली. कॅम्पात बदल्या काही नवीन नाहीत. दर वर्षी कुणीतरी सामान बांधतं आणि कुणीतरी मागे राहतं. कुत्र्याला रेल्वेने न्यायचं म्हणून त्यांनी क्रेट आणला, पण तो आणला निघायच्या आदल्या दिवशी. मेजरने जन्मात असली वस्तू पाहिली नव्हती. सगळ्यांनी मिळून त्याला आत कोंबलं, कडी लावली, आणि तो जाळी चावत सुटला. वरचा सुळा मुळातून तुटला, तोंड रक्ताने भरलं. गाडीची वेळ झाली होती. ती माणसं वाईट नव्हती, नुसती घाईत होती. ज्या दुकानात ती भांडी घ्यायची त्या अण्णांच्या दुकानात रडत रडत त्याला सोडून गेली.

अण्णांची पत्नी त्याच वर्षी वारली होती. तेव्हापासून अण्णा गिऱ्हाइकाशी कामापुरतं आणि घरात तेवढंही बोलत नव्हते. मेजर आला आणि बोलायला लागले. ‘काय मेजर, आज पितळेला गिऱ्हाईक नाही,’ असं त्यांचं दिवसभर चालायचं. मेजर तराजूशेजारी बसून ऐकायचा. प्राजक्ता मला म्हणाली होती, ‘मॅडम, सासूबाई गेल्यावर अण्णांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो या कुत्र्यामुळे.’

कॅम्पात तोफांचा सराव चालतो. लांबून धडधड येते आणि दुकानातली पातेली किणकिणतात. मेजर त्या आवाजाला झोपेत कानही हलवत नसे. पण एखाद्या पोराने गल्लीत लवंगी लावली की त्याचं धाबं दणाणायचं. अण्णांना हे कोडंच होतं. ‘ताई, तोफेला भीत नाही आणि लवंगीला भितो. काय म्हणायचं याला?’ मी सांगितलं, तोफ त्याने पिल्लू असल्यापासून ऐकलेली आहे. ती लांब असते, तिचा आवाज जड असतो, तिच्यामागून कधी काही अंगावर आलेलं नाही. फटाका पायापाशी फुटतो, आधी फुसफुसतो, वास मारतो, आणि पुढचा कुठे फुटेल ते सांगत नाही. यात कोडं काही नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही पळाले असते.

आणि तो पळालाच होता. मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बाजारात माळा सुरू झाल्या आणि मेजर दुकानातून जो सुटला तो रेल्वेच्या रुळांकडे गेला. अण्णा मागे. दोन्ही बाजूंनी फटाके, कानात दडे बसलेले, आणि अण्णा रुळांमधून ‘मेजर, मेजर’ करत चाललेले. मागून मालगाडी आली ती त्यांना ऐकू आली नाही. गँगमनने हाताला धरून ओढलं म्हणून वाचले. मेजर भगूरच्या बाजूला एका शेतात नंतर सापडला, पंजे सोलवटलेला.

त्यानंतर नीलेशने बापाला स्पष्ट सांगितलं. येत्या दिवाळीत हा कुत्रा पळाला तर तो पुन्हा घरात येणार नाही. वणीला त्यांच्या नातेवाइकांचा द्राक्षाचा मळा आहे, तिथे तो साखळीला राहील. ‘मॅडम, मला कुत्र्याचा राग नाही,’ नीलेश मला म्हणाला. ‘पण तो पळाला की बाबा पळणार. मला एकच बाप आहे.’ त्याचं खरंच होतं. अण्णाही म्हणाले, ‘बरोबर बोलतोय तो,’ आणि त्यांनी मेजरच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणजे श्रावणात मला बोलावलं तेव्हा काम असं होतं: ज्या कुत्र्याने क्रेटपायी दात घालवला, त्याला दिवाळीच्या आत क्रेट आवडायला लावायचा. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो. हा तर ताकाचं भांडं पाहूनच जिना उतरून गेला.

मी पहिलं काम केलं ते दार काढायचं. नुसता खोका, दार नाही, वरचं झाकणही नाही. तो मागच्या खोलीत ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की याकडे कुणी बघायचं नाही. मेजरचं जेवण त्या खोलीच्या उंबऱ्यावर. तो निवांत जेवायला लागला की ताटली जरा पुढे. कुठे थबकला की पुन्हा मागे. घर शाकाहारी, त्यामुळे बक्षीस म्हणून पनीर आणि सुकं खोबरं. तुकडा खोक्यात टाकायचा आणि आपण दुसरीकडे बघायचं. त्याने मान घालून उचलला आणि पळाला, तरी शाबास. पळून जाता येतं हे त्याला कळणं, हाच अभ्यासातला पहिला धडा.

अण्णांचा जन्म घासाघिशीत गेलेला. ते तुकडा मुठीत धरून मेजरला म्हणायचे, ‘आधी पूर्ण आत जा, मग देतो.’ मी वैतागले. म्हटलं, ‘अण्णा, गिऱ्हाईक पायरीवर उभं असतं तेव्हा तुम्ही भांडणं काढता का? आधी त्याला दुकानात येऊ द्या, पाणी पाजा. भावाचं नंतर बघू.’ ते त्यांना लगेच पटलं. त्या दिवसापासून अण्णांसारखा विद्यार्थी मी पाहिला नाही. रोज दुपारी दुकान बंद करून ते खोक्याशेजारी जमिनीवर आडवे व्हायचे आणि बाजारातल्या गप्पा मेजरला सांगायचे. एक दिवस सांगता सांगता त्यांना डुलकी लागली. जागे झाले तर मेजर खोक्यात झोपलेला. त्यांनी मला तिथूनच फोन केला आणि इतकं हळू बोलले की मला आधी वाटलं, कुणी आजारी आहे.

एका गोष्टीवर मी अडून बसले होते. पिंजरा हा शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही. कुत्र्याला शब्द कळत नाही, पण बोलणाऱ्याचा हात त्या शब्दाप्रमाणे चालतो. पिंजरा म्हणणारा माणूस दार आपटतो. म्हणून म्हटलं, हे मेजरचं घर आहे असंच म्हणायचं. त्याच्या घरात हात घालायचा नाही, त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. प्राजक्ताने मान्य केलं. जिजींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ‘आते कुत्राले बी फ्लॅट भेटना.’ कुरकुरत का होईना, कुत्र्याला मिळालेल्या त्या फ्लॅटवर पांघरायला त्यांनीच जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून दिली. अंधार असला की कुत्र्याला बरं वाटतं, असं मी म्हणाले होते तेवढ्यावर.

मग झाकण, मग दार. दार आधी नुसतं उघडं. मग हलणारं. मग तो पनीर खात असताना क्षणभर लोटलेलं आणि त्याचं खाणं संपायच्या आत उघडलेलं. नवरात्र संपेपर्यंत कडी लावली तरी मेजर आत बसून खोबऱ्याची वाटी शांतपणे चघळत असे. अण्णांचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. दुकानातलं एक जाडजूड पितळी कुलूप ते दर वेळी मला दाखवायचे. ‘ताई, लक्ष्मीपूजनापुरतं लावू?’ मी नको म्हणायचे. ‘अण्णा, कुलूप लावलंत तर तो आत आहे हे तुम्हाला कळेल. त्याला आत राहायचंय हे कसं कळणार?’ किती छान वाक्य. बोलताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

लक्ष्मीपूजनाची आखणी मी स्वतः करून दिली. दुपारी लांब फिरवून आणायचं. उन्हं कलायच्या आत मेजरला त्याच्या घरात बसवायचं, चघळायला द्यायचं, कडी लावायची, गोधडी चारी बाजूंनी सोडायची. खोलीत पंखा आणि रेडिओ. खाली दुकानात पूजा झाली की कुणीतरी वर येऊन बघून जायचं. कडी लागलेली असल्यावर काळजी नव्हती.

संध्याकाळी मी माझ्या घरी देवाजवळ बसले होते. आरतीचं तबक हातात होतं आणि फोन वाजला. प्राजक्ता.

‘मॅडम, मेजरचं दार उघडंय. घराचंही उघडंय. मेजर गेला पळून.’

मी विचारलं, ‘कडी कुणी काढली?’

‘जिजींनी. आणि मॅडम, अण्णा पूजेतून उठून तसेच धावले. नीलेश मोटारसायकल घेऊन भगूरकडे गेलाय.’

तिच्यामागे जिजींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. प्राजक्ता रडक्या आवाजात त्यांना म्हणाली, ‘जिजी, तुम्ही आता एक शब्द बोलू नका.’ मी तबक खाली ठेवलं. ज्योत विझली का ते पाहिलंही नाही.

स्कूटर रस्त्यावर काढली तेव्हा सगळीकडे माळांचा कडकडाट आणि धूर. डोक्यात एकच प्रश्न घुमत होता की जिजींनी हे केलंच का. त्या कुत्र्यावर चिडायच्या, पण दुष्ट नव्हत्या. कॅम्पाच्या जवळ आल्यावर दोन्ही बाजूंची घरं बघितली आणि लख्ख कळलं. एकाही घराचं दार बंद नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार लावत नाहीत. लक्ष्मी येते. माझ्या स्वतःच्या घराचं दार मी आत्ता उघडंच टाकून आले होते. कुत्रा, फटाके, पंखा, रेडिओ, पनीर, मी सगळ्याचा विचार केला होता. दिवाळीचा केला नव्हता.

मी अण्णांच्या घरी न जाता आधी रुळांकडेच गेले. अण्णा तिथे होते. पूजेचं रेशमी धोतर, कपाळाला कुंकू, पाय अनवाणी. रुळांलगतच्या खडीतून मोबाइलचा उजेड पाडत चालले होते. मी हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू येईनात. लांबून गाडीचा दिवा दिसला. मी माझे गुडघे विसरले. खडीतून धडपडत जाऊन त्यांचा दंड धरला आणि बाजूला खेचलं. गाडी पुढून गेली. वारा ओसरला तेव्हा पाहिलं, अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडीमुळे नव्हे.

‘ताई, मागच्या वर्षी इथूनच गेला होता,’ ते म्हणाले. ‘आता वणीला. साखळीला.’

इतके दिवस या माणसाने फरशीवर पडून गप्पा मारल्या, आणि एका कडीपायी सगळं वाया गेलं होतं. पण इथे उभं राहून भागणार नव्हतं. मी म्हटलं, ‘अण्णा, हाका मारून उपयोग नाही. घाबरलेलं कुत्रं मालकाच्या हाकेपासूनही लांब पळतं. त्याची गोधडी आणू आणि इथे पसरू. फटाके थांबले की तो वासाने येऊन तिच्यावर बसतो. मी अशी कुत्री परत आलेली पाहिली आहेत. चला, आधी गोधडी.’ हे खरं होतं. शिवाय त्यांना रुळांपासून हलवायला मला काहीतरी हवंच होतं.

घरी गेलो. दुकानात पूजा अर्धवट, समया जळत होत्या, शेजारच्यांच्या माळा पायरीसमोर फुटत होत्या. वर सगळे दिवे लागलेले. पुढचं दार उघडं, गॅलरीचं उघडं, कपाटांची उघडी. सोफ्याच्या कडेला जिजी बसल्या होत्या, तोंड फिरवून, कुणाशी न बोलता. प्राजक्ता जिन्यात उभी राहून फोनवर बोलत होती.

मी मागच्या खोलीकडे गेले आणि उंबऱ्यातच थांबले.

मेजरच्या घराचं जाळीचं दार सताड उघडं होतं. दाराबाहेर एका बाजूला, गोधडीपासून लांब, वाटी पालथी घालून तिच्यावर पणती ठेवलेली. दुसऱ्या बाजूला चिमूटभर लाह्या आणि एक बत्तासा. आणि खोलीच्या उंबऱ्यापासून थेट त्या जाळीच्या दारापर्यंत पांढऱ्या रांगोळीची लक्ष्मीची पावलं काढलेली होती. थरथरत्या हाताची, वाकडीतिकडी, पण सगळी आत जाणारी.

‘आत जाणाऱ्या पावलांवरून तो बाहेर कसा पळाला असेल,’ असलं काहीतरी निरर्थक माझ्या मनात आलं. मग मी पुन्हा पाहिलं. एकही पाऊल पुसलेलं नव्हतं. दाराच्या तोंडाशी तर रांगोळीची रेघ आडवी, अख्खी होती. एवढं मोठं कुत्रं जीव घेऊन त्यावरून पळालं असतं तर तिथे नुसता पांढरा फराटा राहिला असता.

मी रांगोळी चुकवत पुढे झाले, वाकले आणि गोधडीची कड वर केली. सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, अंधारात अंधार होऊन, मेजर वेटोळं घालून पडला होता. थरथरत होता. बाहेर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, खिडकीची काच हलली, आणि तो उठला नाही. उघड्या दाराकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मागच्या भिंतीला आणखी थोडा चिकटला, एवढंच.

इतकी वर्षं लोकांना सांगत आले की आपल्या मर्जीने आत गेलेला कुत्रा दार उघडं असलं तरी आत राहतो. हे मी हजार वेळा बोलले असेन. आणि ज्या दिवशी दार खरंच उघडं राहिलं, त्या दिवशी वाकून आत बघायचं मलाही सुचलं नाही. प्राजक्ताने खोलीच्या दारातूनच पाहिलं, घाबरून धावली, ते समजण्यासारखं आहे. पण मी? मी फोनवर साधं विचारलंसुद्धा नाही की नीट बघितलंत का. माझा कडीवर विश्वास होता, कुत्र्यावर नव्हता. हे कळलं तेव्हा बसलेला धक्का अजून गेलेला नाही.

अण्णा माझ्यामागे उभे होते. ते गुडघ्यावर बसले, मग त्यांच्या नेहमीच्या जागी, फरशीवर आडवे झाले, रेशमी धोतरासकट. आत हात घातला नाही. नुसतं म्हणाले, ‘काय मेजर.’ आतून शेपूट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग अण्णा रडले. पत्नी गेली तेव्हाही ते कुणासमोर रडले नव्हते, असं प्राजक्ताने मला नंतर सांगितलं. ती तेव्हा जिन्यातून आत येऊन दारात उभी होती आणि नीलेशला फोन लावत होती.

जिजी काठी टेकत आल्या. मी विचारलं, ‘जिजी, कडी का काढली हो?’

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की वेडी मीच. ‘तूच सांगं ना बाई, हाई त्यानं घर शे म्हनीसन. मंग दिवाईना दिन घरनं दार बंद कसं ठेवानं? लक्षुमी काय भायेरथीन परत जाई?’

‘अहो, त्याचं घर आहे असं मीच म्हटलं, पण तो पळाला असता ना.’

‘कथा पळस? दार उघडं आनि बत्तासा बी दिधा. उठनाच नही. तो मझारच शे, तो मझारच शे, कितलं सांगं मी. माले कोनी इचारं का?’

म्हणजे फोनवर मागून जे ऐकू येत होतं ते हे होतं. दार उघडलं तरी तो उठला नाही, तो आतच आहे. घरात एकच माणूस वाकून मेजरच्या घरात डोकावला होता आणि त्याच माणसाला आम्ही गप्प बसवलं होतं. प्राजक्ताने जिजींच्या पायाला हात लावला. जिजी म्हणाल्या, आता लाह्या खा आणि खाली पूजा उरका, लक्ष्मी ताटकळली असेल.

नीलेश धुळीने माखून परत आला. रांगोळी, दार, मेजर, फरशीवर झोपलेला बाप, सगळं त्याने पाहिलं. मग म्हणाला, ‘वणीला सांगतो, मळ्यात दुसरा कुत्रा बघा म्हणून.’

पाडव्याला मी फराळाला गेले तेव्हा अण्णा दुकानात होते आणि मेजर तराजूशेजारी. मला वर न नेता अण्णांनी गल्ल्यामागची भिंत दाखवली. क्रेटचं दार त्यांनी बिजागरीतून काढून तिथे खिळ्यांना टांगलं होतं आणि त्याच्या जाळीला आकडे लावून झारे, पळ्या, उलथणी लटकवली होती. वर मेजरचं घर आता बिनदाराचं आहे. तो फटाके वाजले की आत जातो आणि थांबले की बाहेर येतो.

मी तिथे असतानाच एका बाईंनी झारा बघता बघता विचारलं, ‘अण्णा, ही जाळी कितीला?’

‘ती विकायची नाही,’ अण्णा म्हणाले. ‘ते आमच्या मेजरच्या घराचं दार आहे. त्याला लागत नाही म्हणून इथे ठेवलंय.’